बशीवरचा चमचा

आमचे मानसशास्त्राचे सर घरीच शिकवणी घ्यायचे. नोट्स सरांच्या, टायपिंग काकूंचं. सर बायकोला कधी हाक मारत नसत. बशीवर चमचा वाजवला की काकू चहा घेऊन हजर! चहा छान झालाय म्हणणं तर दूरच, सर मान वर करूनही बघायचे नाहीत.

त्या दिवशी धडा होता सवयींचा. "घंटा वाजली की खाणं मिळतं, हे कुत्र्याच्या डोक्यात एकदा पक्कं बसलं, की मग नुसत्या घंटेनेही त्याला लाळ सुटते," असं समजावून सरांनी बशीवर चमचा वाजवला. चहा आला नाही. सरांनी पुन्हा वाजवला, जरा जोरात. आम्ही हसू दाबायला वह्यांत तोंडं खुपसली.

"अगं, कान फुटले का तुझे?" सर कडाडले.

काकू रिकाम्या हाताने दारात येऊन उभ्या राहिल्या.



"पुढचं पानही शिकवा की मुलांना, मीच टाइप केलंय ते. घंटा नुसतीच वाजत राहिली आणि ताटलीत काही पडलंच नाही, तर कुत्रंसुद्धा यायचं सोडून देतं."