पंपघराची किल्ली

पाण्याच्या पंपघरातून तात्या निवृत्त झाले, पण त्यांच्या जागी सरकारने कुणालाच धाडलं नाही. लेक त्याच जागेची परीक्षा पास होऊन नेमणुकीची वाट बघत होती. तोवर वस्तीचे हाल नकोत आणि लेकीच्या हाती पंप धडधाकट मिळावा, म्हणून तात्या रोज पहाटे जाऊन तो सुरू करायचे, तेही फुकटात.

"अहो, या लष्कराच्या भाकऱ्या किती दिवस भाजणार?" बायको करवादायची.

"पोरगी रुजू झाली की किल्ली तिच्या हातात ठेवतो आणि मोकळा होतो," तात्या म्हणायचे.

आज टीव्हीवर अर्थसंकल्पाची चर्चा चालली होती. रिकाम्या जागांवरून विरोधकांनी सभागृह डोक्यावर घेतलं, आणि एकाने थेट याच पंपघराचा दाखला दिला. "तात्या, आपलं पंपघर!" म्हणत लेकीने आवाज वाढवला.

मंत्री शांतपणे उठले.


"तिथे दोन वर्षं माणूस नाही. तरी नळाचं पाणी एकदा तरी चुकलं का? मग ती जागा हवीच कशाला! कालच रद्द केली."