मुद्देमाल

कौटुंबिक न्यायालयाच्या बाकावर हेमांगीने पुन्हा तेच विचारलं, "मॅडम, मला घटस्फोट का हवा होता?"

सबनीस वकीलबाईंनी नजर चुकवली. "सांगता येत नाही गं. लग्नानंतरच्या तुझ्या आठवणी कोर्टाने पुरावा म्हणून डोक्यातून काढून घेतल्यात. निकालापर्यंत तो मुद्देमाल. मी एक शब्द बोलले, तर तुला पढवलं म्हणतील."

"निकाल कधी?"

"आजही तारीखच पडली."

तेवढ्यात तिचा नवरा निरंजन चहा घेऊन आला. त्याच्या आठवणी काढून घ्यायला त्याच्या वकिलाने स्थगिती मिळवली होती. "बिनसाखरेचा, तुला लागतो तसा," तो हसून म्हणाला. "चल ना घरी. किती दिवस माहेरी राहशील?"

हेमांगीने चहा घेतला. "मॅडम, माणूस बरा वाटतो हो. अर्ज मागे घेऊ या."

"मग मुद्देमाल नष्ट करतात, हेमांगी. एवढं मात्र मी सांगू शकते."

"करू देत. काय असणार त्यात?"

फाटकाबाहेर निरंजनने रिक्षा थांबवायला हात उचलला. हेमांगीने झटकन दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. मग आपल्याच वेडेपणाचं तिला हसू आलं, आणि ती त्याच्या शेजारी जाऊन बसली.