हजाराच्या आत

"थांब, थांब! दाराबाहेरून!" शाळेचा कारकून ओरडला. तोवर मुलीनं चपलांच्या खणापासून अंतर मोजायचं चाक ढकललंही होतं. एकदा टक् वाजून ते उंबऱ्याबाहेर आलं.

"राहू द्या," तिची आई म्हणाली. "एक मीटर जास्तच भरेल. शाळेची हरकत नाही ना?"

"शाळेची कसली, ताई? नुकसान तुमचंच." त्यानं घड्याळ पाहिलं. "चला लवकर. चारला यादी लागते."

पहिलीची एकच जागा उरली होती. घर हजार मीटरच्या आत असेल तर ती या मुलीची, नाहीतर चिठ्ठ्या. शाळेच्या संगणकानं अंतर एक हजार सव्वीस दाखवलं होतं. 'तो मोठ्या रस्त्यानं जातो, आम्ही नाही,' असं आईनं लिहून दिलं, आणि मुख्याध्यापिकाबाईंनी कारकुनाला पायी पिटाळलं.

चाक आजोबांचं. जमिनी मोजण्यात त्यांचा जन्म गेला. लांब दांडा, खाली रबरी चाक, मीटरला एक टक्, आणि छोट्या खिडकीत सरकणारे आकडे. आजोबा गेल्यापासून दोन महिने ते दारामागे तसंच उभं होतं.

मुलगी मोठ्यानं मोजत निघाली. "अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी, सत्तर, एकाहत्तर..."

"अगं, शाळेत चाललीस की परत घरी?" कारकून म्हणाला. ती खदखदून हसली आणि चाक जवळजवळ पळवू लागली.

"पळवू नकोस! सरळ धर!" आई मागून ओरडली, आणि स्वतःही पळू लागली.

लाँड्रीपाशी मुलगी वळली. दुकानाच्या बाजूनं दोन भिंतींमधून एक बोळ जात होता.

"ही वाट नकाशात नाही," कारकून थबकला.

"नकाशा काढणारा कधी चालत आला होता का?" इस्त्री बाजूला ठेवत लाँड्रीवाला म्हणाला. "मी वीस वर्षं बघतोय, सगळी पोरं इथूनच जातात. आणि हे चाक... बाबांचं ना? गेल्या थंडीत ते रोज घेऊन फिरायचे. आम्ही विचारायचो, बाबा, आमचं दुकान विकायला काढलंय की काय? नुसते हसायचे."

आईनं काही विचारायच्या आत मुलगी बोळातून किंचाळली. "आई! आजोबांचा पाच!"

भिंतीवर, तळाशी, लाल तेलखडूनं एक बाण आणि ५००. पाचाची शेपटी लांब, वर वळलेली. खिडकीत आकडा होता पाचशे एक.

आई क्षणभर वाकून पाहत राहिली. मग म्हणाली, "चल, चल! वेळ होतोय."

बोळ, पाण्याची टाकी, सायकलचं दुकान. नऊशे झाले. नुसतं टक्, टक्. कारकुनाचे ओठ हलत होते. नऊशे साठ. शाळेचं फाटक दिसलं. नऊशे ऐंशी. मुलीनं डोळे गच्च मिटले आणि चाक फाटकाच्या खांबाला जाऊन थडकलं.

"नऊशे अठ्ठ्याऐंशी!" कारकूनच आधी ओरडला. "आत! हजाराच्या आत!" मुलीनं त्याचे दोन्ही हात धरून त्याला गोल फिरवलं. पहारेकरी हसत बघत राहिला.

कारकून धापा टाकत पायरीवर बसला आणि मांडीवर कागद घेऊन लिहू लागला. आई खांबापाशी उकिडवी बसली होती. खाली, गवताआड, लाल खडूचे तीन आकडे होते. ९८७. तिनं ते बोटानं पुसले नाहीत, नुसतं बोट जवळ नेलं.

"नऊशे सत्त्याऐंशी लिहा," ती म्हणाली.

"अहो ताई, मिळाला की प्रवेश! आता एका मीटरनं काय होतंय?"

"त्यांनी दाराबाहेरून सुरू केलं होतं."