केरेन्साचे दहा वीस

"दहा वीस," केरेन्सा म्हणाली आणि तिने हातातल्या चोपड्यातली छापील वेळ जशीच्या तशी वहीत लिहिली. "दहा वीसला भरती पुरी होऊन पाणी थांबेल. तेव्हा पायऱ्यांवरून उतरायचं."

डेन्झिलने चहाचा पेला खाली ठेवला. पोरीने तास मिळवला नव्हता.

भरतीच्या वेळा छापतात त्या हिवाळी घड्याळाप्रमाणे. उन्हाळ्यात सगळ्या देशाची घड्याळं तासभर पुढे जातात, म्हणून छापील वेळेत एक तास मिळवायचा. ट्रेव्हॅनिक बंदरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि ही बया तिसऱ्यांदा परीक्षेला बसली होती!

परीक्षक होता डेन्झिल, तिचा सख्खा काका. नियम साफ होता. बुडीची योजना उमेदवाराने आखायची आणि पाण्यात पाय पडेपर्यंत परीक्षकाने त्यावर अवाक्षर काढायचं नाही. नियम डेन्झिलनेच लिहिलेला, आणि आज तोच त्याच्या बोकांडी बसला होता. इतरांना पाण्याखाली नेण्याचा परवाना आता पाणबुड्यांच्या क्लबात त्याच्या एकट्याकडे उरला होता, आणि त्याचे गुडघे हा मोसम तरी काढतील की नाही याची शंका होती. केरेन्सा पास झाली तर क्लब तिच्या हाती जाणार होता. नाही झाली, तर सप्टेंबरात दाराला कुलूप. ती पास व्हावी असं तिच्याइतकंच त्यालाही वाटत होतं.

"पुढे," तो म्हणाला.

"भिंत उजव्या हाताला ठेवून जायचं. बारा मीटरच्या खाली नाही. बाटलीत हवेचा दाब दोनशे वीस आहे, एकशे चाळीसला मागे फिरायचं. बंदराच्या तोंडाकडे फिरकायचं नाही, तिथे ओढ असते. बंदराच्या कचेरीत कळवलंय."

"आणि मी पाण्याखाली दिसेनासा झालो तर?"

"एक मिनिट शोधायचं, मग वर यायचं. वर येऊनही नाही सापडलात तर काकूला कोण सांगणार, तेही ठरलंय."

"कोण?"

"तुम्हीच. माझी नाही बाई हिंमत."

डेन्झिलला हसू आलं, पण ते टिकलं नाही. त्याने आभाळाकडे पाहिलं. "मे महिना म्हणजे मजा. रात्री नऊपर्यंत उजेड. घड्याळं पुढे करतात ते बरंच आहे, नाही?"

"हो ना." केरेन्साने मांस-बटाटा भरलेल्या पेस्टीचा मोठा तुकडा तोडला.

"लोक विसरतात कधीकधी. घड्याळाचं."

"काका, परीक्षकाने कोडी घालायची नसतात. वेळ तीनदा तपासलीय मी."

अगदी बापावर गेली होती. तिचा बाप क्लेमो, डेन्झिलचा धाकटा भाऊ. क्लब दोघांनी मिळून काढलेला. अकरा वर्षांपूर्वी याच पायऱ्यांवर क्लेमोने चोपड्यातून वेळ वाचून दाखवली, दहा पाच. तास मिळवायला विसरला होता, तो डेन्झिलने तिथल्या तिथे मिळवला आणि अकरा पाच केले. क्लेमो कुरकुरला, पण थोरल्यापुढे त्याचं काही चालत नसे. तरीही ते उतरले तेव्हा पाणी जोरात बाहेर निघालं होतं. दोघे बंदराच्या तोंडातून समुद्रात ओढले गेले. खेकड्यांच्या एका होडीने उचललं म्हणून वाचले. म्हणजे क्लेमोने तक्त्यातली ओळसुद्धा चुकीची वाचली होती. एका दिवसात दोन चुका! डेन्झिलने त्याला सगळ्या धक्क्यासमोर फैलावर घेतलं. "माझी वेळ बरोबर होती," एवढंच क्लेमो म्हणत राहिला. त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलला नव्हता.

डेन्झिलला त्याची आठवण यायची. ख्रिसमसला तर फार यायची. पण चूक ज्याची, त्याने आधी यावं.

सव्वादहाला दोघांनी बाटल्या पाठीवर चढवल्या. केरेन्साने त्याचे पट्टे ओढून पाहिले, हवेचा काटा पाहिला, दोन्ही नळ्यांतून श्वास घ्यायला लावला. कुठे म्हणून खोट काढता येईना. डेन्झिलला भडभडून आलं. इतकी चांगली पोर, आणि एका तासाने घात करायचा! पाण्याकडे बघायचीही त्याला गरज वाटली नाही. अजून तासभर ते आत येतच राहणार होतं.

"दहा वीस," केरेन्सा म्हणाली आणि तिने खालच्या पायरीवर पाय ठेवला. पाणी तिच्या घोट्याला लागलं.

आता नियम सुटला. "थांब," डेन्झिल म्हणाला. "पोरी, वाईट वाटतं, पण..."

बोलता बोलता त्याची नजर पाण्यावर गेली. बंदराच्या तोंडापाशी तरंगणारा लाल बोया सरळ उभा होता. भिंतीवरचं शेवाळ ना आत झुकत होतं, ना बाहेर. पाणी थांबलं होतं.

"पण काय, काका?"

"तू तास मिळवला नव्हतास."

"तुमच्या त्या नौदलाच्या जाड्या पुस्तकात मिळवावा लागतो. मी मासेमारीच्या आमिषाच्या दुकानातलं निळं चोपडं वापरते. त्यात आधीच मिळवून छापतात, मागच्या पानावर लिहिलंय तसं. बाबाही दरवर्षी हेच घेतात. त्यांनी कधी दुसरं वापरलंच नाही."

"अकरा वर्षांपूर्वीही?"

"तेव्हाही हेच. त्यांना सांगायचं होतं. तुम्ही बोलू कुठे दिलंत?"

डेन्झिल खालच्या पायरीवर तिच्या शेजारी उतरला. क्लेमोचे दहा पाच बरोबर होते. अकरा पाच त्याने स्वतः केले होते.

"पास," तो म्हणाला. "वर आलो की मला तुझ्या बापाच्या दारात नेऊन सोड. माफी मागायची आहे."