डावीकडे झुकलेले ओरखडे

इंजिनाच्या बेअरिंगला पुन्हा कोणीतरी हात लावला होता.

मिस्त्रींनी दिवा जवळ ओढला. तरी नीट दिसेना, म्हणून धातूवरून नख फिरवलं. काल त्यांनी खरवडलेले ओरखडे उजवीकडे झुकलेले होते, आज ते डावीकडे होते. कारखान्यात डावरं माणूस एकच. त्यांची सून.

मुलाने या कामाकडे पाठ फिरवली, तेव्हा मिस्त्रींनीच हौसेने तिच्या हातात खरवडायचा स्क्रेपर दिला होता.

"काल माझ्यामागे इथे कोण होतं?"

"मीच होते, बाबा. झाडत होते." चहाचा कप तिने त्यांच्या बोटांत नीट बसवला, मगच सोडला.

हल्ली फारच गोड वागते ही. कुठेतरी पाणी मुरत होतं. जुनं वाफेचं इंजिन परवा साहेबांसमोर चालवायचं होतं. चाललं तर ते जपायचं आणि हे हातकाम मिस्त्रींनी नव्या लोकांना शिकवायचं, असं ठरलं होतं. नाही चाललं तर भंगार. आता मिस्त्रींचं काम बिघडवून, ऐनवेळी तेच दुरुस्त करून दाखवलं, की शिकवणाऱ्याची खुर्ची कोणाला मिळणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. पण आपलेच दात, आपलेच ओठ. बोलणार कोणाला?

त्यांनी सगळं पहिल्यापासून केलं. शाफ्टच्या दांड्याला निळा रंग लावून तो बेअरिंगमध्ये फिरवायचा, जिथे निळे ठिपके उमटतील तिथला उंचवटा खरवडायचा, की पुन्हा रंग. ठिपके पूर्वीसारखे उठून दिसत नव्हते. हल्ली रंगातसुद्धा भेसळ करतात मेले, असं पुटपुटत त्यांनी काम पुरं केलं, झाकण आवळलं आणि इंजिनघराला घरून आणलेलं कुलूप ठोकलं.

सून दारातच उभी होती. "बाबा, झाकण लावायच्या आधी दुसऱ्याने बघायचं, हा तुमचाच नियम ना? एकदा बघू द्या."

"कुंपणच शेत खातंय, आणि म्हणे बघू द्या!"

तिचा चेहरा उतरला. मिस्त्रींना वाईट वाटलं, पण चावी त्यांनी खिशात घातली. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी त्यांना गाढ झोप लागली.

चाचणीच्या दिवशी कुलूप त्यांनी स्वतःच्या हाताने उघडलं. साहेब आले. वाफ सोडली. अजस्र चाक हललं, फिरलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग जळक्या तेलाचा वास सुटला. बेअरिंग किंचाळायला लागलं, धूर निघाला, आणि एक आचका देऊन चाक जागच्या जागी अडकलं. साहेब मागे वळले.

"शेवटी हात लावलासच ना तू!" मिस्त्री सगळ्यांदेखत सुनेवर ओरडले.

ती मान खाली घालून उभी राहिली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच तिने हात लावला नव्हता.