दोघांचं तूप

महाराष्ट्र झाला त्या सालचा पोळा उद्यावर आला होता. बैलांचे खांदे शेकायला वामनरावांनी हळद घालून तूप कोमट केलं, तेव्हा भरलेली वाटी पाहून त्यांच्या आईला राहवलं नाही.

“दोघायचं तूप काऊन काढलं रे? बैल तं एकच राह्यला.”

वामनरावांनी तशीच वाटी उचलली. खैऱ्या आषाढ लागताच साप चावून गेला होता. त्यांच्या बायकोने, गोजराबाईने, त्याला वासरू असल्यापासून हाताने भाकर चारलेली. तो गेला त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती. नवा बैल दिवाळीनंतर जळगावच्या बाजारातून आणायचा ठरला. पण कपाशीतलं तण दिवाळीची वाट पाहत नाही. डवरं ओढायला जोडी लागते, आणि तीन डवरण्या तर कराव्याच लागल्या.

गोठ्यात जाऊन त्यांनी मोऱ्याचा खांदा तुपाने चोळला, पळसाच्या पानाने शेकला. त्याच्या कानाशी दरवर्षीचं म्हटलं, “आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.” मग उरलेली अर्धी वाटी घेऊन ते घरात आले. गोजराबाई डाळ निवडता निवडता पेंगत होती.

खैऱ्याच्या जागी जुवाला खांदा देऊन देऊन तिचा खांदा सोलवटला होता. वामनरावांनी त्यावरचा पदर सारला, तूप लावलं आणि खालच्या मानेने म्हणाले, “आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.”



“येईन ना,” डोळे न उघडता ती म्हणाली. “पण पुरन कोन वाटन?”