डब्यावरचं पाणी

तेजरामांनी बादलीतल्या पाण्याचा दुसरा मग डब्यावर ओतला आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर वंदना थबकली.

डबा तिचाच होता. पांढरा, पट्ट्यापट्ट्यांचा, आत तापमान मोजणारं यंत्र. खुर्सीपारच्या कामगार वस्तीत आईवडलांच्या गच्चीवर तिनंच तो उभा केला होता. आता त्याला गोणपाट गुंडाळलेलं होतं आणि गोणपाटातून पाणी ठिबकत होतं.

“बाबा, हे काय करून राहिले?”

“पाणी मारून राहिलो. सायंकाळी नळ आला का मारतो. तापली मशीन तशीच ठेवली त बिघडून जाते ना. प्लांटात जिंदगीभर तेच केलं.”

“कधीपासून?”

“तू लावली तवापासून. तूच त म्हणली होती, याले जपा म्हणून.”

वंदना खाली बसली. फरशी चटके देत होती, तरी बसली.

ती आली होती डब्याचा फोटो काढायला. उद्या प्रोफेसरपदाची मुलाखत होती, तिथे दाखवायला. हवामानबदलावर अर्धं आयुष्य घालवून तिनं ढीगभर शोधनिबंध लिहिले होते. बहुतेकांना छापणाऱ्यांशिवाय कुणी विचारलं नव्हतं. चालला तो एकच. कुम्हारी, नेहरू नगर आणि खुर्सीपार, आसपासच्या तीन वस्त्यांत असे डबे लावून तिनं दाखवलं होतं की कारखान्याला खेटून असलेलं खुर्सीपार सूर्य मावळल्यावर सगळ्यांत लवकर थंड होतं. जगभरच्या अभ्यासकांनी त्याचे दाखले दिले. काहींनी कारणंही शोधली. बुटकी घरं, अरुंद गल्ल्या, वाऱ्याची दिशा. दाखल्यांचा आकडा वंदना रोज चहाच्या आधी बघायची. आधी दोनदा डावलली गेली होती. या वेळी सगळी भिस्त त्या आकड्यावर होती.

शहराच्या उष्णता आराखड्यातही त्या निबंधाचा दाखला आला, तेव्हा तेजरामांनी गल्लीत पेढे वाटले होते. त्याच आराखड्यानं म्हाताऱ्यांसाठी रात्रीची थंड खोली नेहरू नगरात उघडली. खुर्सीपारला गरज नाही, असं त्यात लिहिलं होतं.

वंदना यायची ती नेहमी रविवारी सकाळी. तोवर वाळलेलं गोणपाट तेजरामांनी काढून जिन्याच्या तोंडाशी टाकलेलं असायचं. ती त्यावर चपला काढायची.

“पण मी पाणी टाकू नका म्हटलं होतं ना?”

“गच्चीवर नको म्हणली होती,” तेजराम जरा दुखावून म्हणाले. “गच्चीवर एक थेंब नाही टाकला. आजूबाजूचे सारे पाणी मारून झोपते. तुही माय अन मी कोरड्यावरच झोपतो. डब्याचं तू काही म्हणली नव्हती.”

थंड होत होता तो ओला डबा, खुर्सीपार नव्हे. कुणाला कळणार नव्हतं. गोणपाट फेकून द्यायचं, फोटो काढायचा, खाली जायचं. तिनं हा विचार अगदी मनापासून केला. इतकी ती दमली होती.

तिची आई, सिंधुताई, अंथरुणं घेऊन वर आल्या. त्यांनी फरशीला हात लावला, झटकन मागे घेतला आणि तिथेच सतरंजी पसरायला घेतली.

“थांब माय,” वंदना म्हणाली.

तिनं उठून डब्याचं गोणपाट सोडलं. बादलीतलं उरलेलं सगळं पाणी फरशीवर ओतलं. गरम वाफ तोंडावर आली.

“बाबा, माहा तो पेपर चुकला. उद्या सांगते त्याहिले अन वापस घेते. इथं राती थंड होतच नाही.”

आता ते नोकरीचं विचारतील, पेढ्यांचं विचारतील, म्हणून ती खाली मान घालून उभी राहिली. तेजराम ओल्या फरशीवर हळूच टेकले. मग त्यांचा चेहरा सैल झाला.

“म्हणजे खरंच गरम राह्यते?” ते म्हणाले. “तू थंड होते म्हणून लिहिलं होतं. झोप नाही येत त मले वाटे, आमचंच वय झालं.”